जुन्या नमुन्याचं नवं पिस्तूल : लातूरच्या रेंजवरच्या नोंदी

३० डिसेंबर २०२४, सोमवार, येळवस

वहीचं पहिलं पान शेतात लिहितोय. औसा रस्त्याला सुभेदार मामांचं शेत आहे. कडब्याच्या कोपीत पांडव पुजून झाले, भज्जी-उंडे-आंबील पोटात गेलं, आता खरं तर चिंचेखाली आडवं व्हायचं. पण उदगीरचे वकीलसाहेब जेवायला आले होते आणि त्यांनी पिस्तुलाचा विषय काढला. झोप गेली ती गेलीच.

आमची नेमबाजीची रेंज म्हणजे बंद पडलेल्या डाळ मिलचं गोदाम. दहा मीटरच्या चार लेन, दोरीवर सरकणारी कागदी टार्गेटं, वर पत्रा. पाऊस पडला की कोपऱ्यातून अजून तुरीच्या चुरीचा वास येतो. गेल्या उन्हाळ्यापर्यंत सात पोरं यायची. पॅरिसमध्ये मनू भाकर आणि स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ मिळवली तेव्हापासून सोळा झाली. पिस्तुलं मात्र दोनच. एक परदेशी, हवेच्या सिलिंडरचं. त्या सिलिंडरची दहा वर्षांची मुदत संपली, त्यामुळे स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाबानं हवा भरायला पुण्याला धाडावा लागतो. दुसरं स्प्रिंगचं, सरावापुरतं.

एका दाळवाल्या शेठनं १ लाख २० हजार देऊ केलेत. त्यात सिलिंडरचं एखादं जुनं परदेशी पिस्तूल येईल, नाहीतर सिंगल स्ट्रोकची तीन. सिंगल स्ट्रोक म्हणजे लेव्हरच्या एकाच दाबात एका गोळीची हवा भरणारं, तेच आपलं, नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या निम्म्या नेमबाजांनी ज्यावर हात बसवला ते. कारखान्यानं मध्ये बरीच वर्षं बंद केलं होतं, गेल्या वर्षी पुन्हा काढलं. कारखान्याचं नाव या वहीत येणार नाही. पुढे तक्रारी येणार आहेत आणि मला फोन नकोत.

वकीलसाहेबांकडे जुनंही आहे आणि नवंही. त्यांचा निकाल तयार होता. "जुनं ते जुनं. नव्यात दम नाही. हवा गळते."

सुभेदार मामा पानाला चुना लावत म्हणाले, "हत्याराला नावं ठेवनारा आदी आपला हात कामून बगत नाही?"

मी आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतो. माझं म्हणणं एवढंच की ज्यांच्याकडे हे पिस्तूल आहे त्यांना विचारू, आणि जी तक्रार येईल ती मोजून बघू. मोजल्याशिवाय शेठचे पैसे खर्चायचे नाहीत. वकीलसाहेब दोन्ही पिस्तुलं द्यायला तयार झाले. एक नवं मी स्वतःच्या खिशातून मागवलंय.

४ जानेवारी २०२५, शनिवार

पार्सल आलं. वहीत तिघांना नावं दिली: वकिलांचं जुनं ते 'जुनं', वकिलांचं नवं ते 'नवं एक', माझं ते 'नवं दोन'.

नवं दोन दांडीकाट्यावर १,२६० ग्रॅम भरलं. स्पर्धेच्या नियमात १,५०० पर्यंत चालतं. नळी लांब, तोंडाकडे जड. पोरांना हे आधी आवडत नाही, पण तोंड जड असलं की साइट कमी नाचते. नळीखाली एक लांब लेव्हर. ती पुढे उघडली की दट्ट्या मागे येऊन बाहेरची हवा आत घेतो, बंद केली की तीच हवा दाबली जाऊन झडपेमागे अडकून राहते. ट्रिगर सुटला की हातोडी झडपेवर आपटते आणि सगळी हवा एका दमात छऱ्यामागे जाते. सिलिंडर नाही, स्प्रिंगचा धक्का नाही, वीज नाही. आपल्याकडे भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे पटकन पटतं.

पालक विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ४.५ मिलिमीटर नळी आणि २० जूलच्या आतली ताकद असलेल्या हवेच्या हत्याराला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. आमच्या पिस्तुलाची ताकद जेमतेम ४ जूल. तरी डोळा जायला तेवढी पुरे. कपाटाला कुलूप, चष्मा सक्तीचा, आणि भरलेलं असो-नसो, तोंड कायम टार्गेटकडे.

५ ते ११ जानेवारी

आठवडाभर फोन आणि एक बीडची चक्कर.

नांदेडचे पीटीचे मास्तर: शाळेसाठी दोन नवी घेतली. ट्रिगर आडदांड आहे, पोरं बोट ओढता ओढता मनगटही ओढतात. बाकी खूश. "लाइट गेली तरी चालतंय, सिलिंडर संपला म्हणून पोरगं घरी जात नाही."

परभणीचे, कृषी विद्यापीठात नोकरीला: १९९७ पासून जुनं वापरतात. दोनदा सील बदललं, बाकी हात लावला नाही. नव्याची नळी जुन्यासारखी नाही म्हणाले. किती गोळ्या मारल्या नव्यातून, असं विचारलं. एकही नाही.

बीडच्या ताई, मेडिकलचं दुकान: फक्त नवं पाहिलंय. मूठ त्यांच्या हाताला दोन नंबर मोठी. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून वापरतात. दुकान बंद झाल्यावर गल्ल्यामागं रोज वीस मिनिटं नुसती ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता. पाचांमध्ये सगळ्यात कमी बोलल्या. त्यांची टार्गेटं मात्र सगळ्यात बोलकी होती.

जालन्याचे, स्टीलच्या रोलिंग मिलमधले इंजिनिअर: लेव्हरची धातू बघूनच त्यांचं तोंड वाकडं झालं. जुनी घडीव होती, नवी पत्र्यातून दाबून काढलेली. पण मागच्या साइटचे क्लिक नव्यात जास्त घट्ट, हे त्यांनीच सांगितलं. जुन्यात स्क्रू आपोआप फिरतो म्हणून ते नेलपॉलिशचा थेंब लावतात.

पाचवे वकीलसाहेब. त्यांचं वर आलंच आहे.

पाचांपैकी जुनं-नवं दोन्ही हाताळलेले दोघेच. ज्यांनी नव्यातून एक छर्रा मारला नाही त्यांचं मत सगळ्यात पक्कं, हे मी सुभेदार मामांना सांगितलं. ते म्हणाले, पलटनीतबी आसंच होतं.

मामांनी महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटात जर्मन फाइनवेर्कबाउ ६५ हाताळलंय. स्प्रिंगचंच, पण गोळी सुटताना वरचा सगळा भाग रुळावर मागे सरकतो आणि धक्का मुठीपर्यंत पोचतच नाही. त्यांच्या डोक्यात पिस्तूल म्हणजे ते. प्रत्येकाच्या डोक्यात असं एकेक असतं. अमेरिकेत कोल्टनं १९५५ सालचं पायथन रिव्हॉल्व्हर २०२० साली पुन्हा काढलं, आतले भाग कमी करून, स्टेनलेसमध्ये. तिथल्या जुन्या मालकांची तक्रार काय, तर पूर्वी कारागीर हातानं ट्रिगर बसवायचे आणि निळसर काळ्या पॉलिशची सर स्टेनलेसला नाही. नवीन मजबूत आहे हे तेही कबूल करतात, पण कपाटातलं जुनं विकत नाहीत. उदगीर काय अन् अमेरिका काय.

१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस वाया गेला, आणि चूक माझी.

टेबलाला बेंचवाइस ठोकला, जबड्यात रबर घातलं, नवं दोन नळीवर आवळलं आणि दहा मीटरवर दहा छर्रे मारले. गोळ्या खाली खाली सरकत गेल्या, भोकं एका तिरक्या रेघेत. वकीलसाहेब म्हणाले, बघा. मीही घाबरलो. मग जुनं तसंच आवळलं. तेही सरकलं, फक्त दुसऱ्या बाजूला.

पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवतोय की काम पकडताना जिथं मापाचा पृष्ठभाग आहे तिथं जबडा लावायचा नाही. नळी हाच इथला मापाचा पृष्ठभाग. लेव्हर बंद करताना प्रत्येक वेळी पिस्तूल जबड्यात केसभर हलत होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

मूठ काढून खालच्या सांगाड्याला लाकडाचे दोन गुटके बसवले आणि तिथं पकडलं. नळी मोकळी. आता गोळ्या जागेवर पडल्या.

दहा-दहा छऱ्यांचे ग्रुप, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत:

जुनं, चांगल्या सपाट तोंडाच्या छऱ्यांनी: ६ मिलिमीटर.
नवं एक: ७.
नवं दोन: ५.
नवं दोन, बाजारातल्या स्वस्त टोकदार छऱ्यांनी: १३.

टार्गेटच्या मधलं, दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. म्हणजे नळ्या तिन्ही चांगल्या, आणि जुन्या-नव्यात जो फरक आहे त्याच्या आठ पट फरक छऱ्याच्या डबीत आहे. परभणीकरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "तुमचं नशीब, चांगली नळी आली." यावर काय बोलायचं. तिळगूळ घ्या म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

ट्रिगर. नियमाप्रमाणे कमीत कमी ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरनं पेललं पाहिजे. नळी सरळ वर धरायची, सपाट जागेवरचं वजन ट्रिगरला अडकवून अलगद उचलायचं, ट्रिगर सुटता कामा नये. तीन वेळा संधी. त्याहून हलका ट्रिगर नियमबाह्य, जड असला तर तुमचं तुम्ही बघा.

अधिकृत वजन आमच्याकडे नाही. गोलाईतल्या किराणा दुकानातून शिक्का मारलेलं ५०० चं वजन तासाभरासाठी मागून आणलं आणि तारेचा आकडा करून लावला. सराफाच्या काट्यावर दोन्ही मिळून ५१३ भरलं. तेरा ग्रॅम आपल्या बाजूनं, मामा म्हणाले, राहू द्या.

जुनं: ५१३ पेललं, थोडी रेती वाढवल्यावर ५२५ च्या आसपास सुटलं. नवं दोन: ७४०. मास्तरांची तक्रार खरी.

खरं सांगतो, माझा हात ऑइलस्टोनकडे गेला होता. फिटरला खरबरीत पृष्ठभाग दिसला की राहवत नाही. पण ट्रिगरच्या त्या दाताला वरवरचा पातळ कठीण थर असतो. तो घासला गेला की आज मऊ लागेल आणि पाच महिन्यांनी धरणारच नाही. मामांनी स्टोन खिशात टाकला. मग मूठ काढली, तर आत चक्क एक छोटा स्क्रू. त्याच्या शेजारी दुसरा, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा. पिस्तुलाबरोबर आलेल्या कागदावर त्यांचा उल्लेख नाही. अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं, दर वेळी वजन लावत, ५५० वर आणलं.

मास्तरांना स्क्रूचा फोटो पाठवला. त्यांनी आजवर मूठ उघडलीच नव्हती. उघडू नये असं त्यांना का वाटलं, तर म्हणे वॉरंटी.

२६ जानेवारी

झेंडावंदन, जिलेबी, दोन तास पोरांची रेंज. मोजमाप नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

'हवा गळते' याचा आज निकाल लावायचा होता. छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र सोलापूरच्या एका मित्राकडून आणलं.

लेव्हर बंद केल्याबरोबर गोळी मारली, मग अर्ध्या मिनिटानं, एका मिनिटानं आणि पाच मिनिटांनी. प्रत्येकी पाच छर्रे, सरासरी, मीटर प्रतिसेकंद.

जुनं: १२७, १२५, १२४, १२४.
नवं दोन: १२८, १२५, १२४, १२४.
नवं एक: १२८, १२४, ११९, १०४.

पहिल्या दोन ओळी नीट बघा. वेग उतरतो आणि थांबतो. सायकलचा पंप मारताना बूड तापतं तसंच इथं. हवा दाबली की तापते, मग भोवतीची धातू ती उष्णता पिऊन घेते आणि दाब थोडा उतरतो. धातूइतकी थंड झाली की उतरायचं कारण संपलं. ही गळती नव्हे. जुन्यातही जवळपास तेवढंच होतं, फक्त जुन्यात कुणी मोजलं नव्हतं.

तिसरी ओळ मात्र थांबत नाही. नवं एक खरंच गळतं. वकीलसाहेबांचं तोंड पाहण्यासारखं होतं, आणि मी कबूल केलं की तुम्ही बरोबर. त्यांच्या पिस्तुलाबद्दल.

मग कागदावर हिशोब केला. दहा मीटर जाताना १२८ च्या वेगानं छर्रा साधारण ३० मिलिमीटर पडतो, १२४ नं ३२. फरक २ मिलिमीटर. टार्गेटवरची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर, म्हणजे पाव वर्तुळ. पोरांच्या हातात ते जाणवणारही नाही. पण १०४ च्या वेगानं तोच छर्रा ४५ पडतो. दहाच्या मध्यावर धरलेली गोळी नऊ आणि आठच्या मधल्या रेघेजवळ. पाच मिनिटं कुणी थांबत नाही हे खरं, पण वकीलसाहेब नेम धरून श्वास सोडून हात खाली घेऊन पुन्हा उचलणारे आहेत. दीड मिनिट सहज जातं. त्यांच्या गोळ्या खाली का जातात हे दोन वर्तुळांच्या आत समजलं.

आज पोरांना एक सवय लावली: लेव्हर बंद केल्यावर एक ते दहा मनात मोजायचं, मगच हात उचलायचा. सगळ्या गोळ्यांना सारखी थंड हवा.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवं एक उघडलं. दट्ट्यावरच्या ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, नखाएवढी चीर. बसवताना धारेवर कातरली गेलेली दिसते. एमआयडीसीत हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडून त्याच मापाच्या चार घेतल्या, एकूण साठ रुपये. सिलिकॉनचं तेल बोटावर नावाला, खनिज तेल अजिबात नाही. पाच मिनिटांनीही आता १२४.

साठ रुपयांच्या रिंगेपायी दोन महिने एक सबंध पिस्तूल बदनाम होतं. (वकीलसाहेब हे वाचतील. वाचू द्या.)

९ फेब्रुवारी, रविवार

मूठ. हा दिवस लांबला.

चौदा वर्षांच्या मुलीचा हात आणि कारखान्याची मूठ यांचं काही नातं नाही. अंगठ्याच्या फुगवट्याखाली एवढी पोकळी की कांदा बसेल. पोकळी भरायला ती मुठीला आवळते, आवळलं की ट्रिगरचं बोटही आवळलं जातं, गोळी डावीकडे. बीडच्या ताईंनी ट्यूब गुंडाळली ती याच पोकळीसाठी.

नियम: मूठ हाताला वेढणारी नको. तळहाताखालचा टेकू मुठीशी काटकोनाहून कमी कोनात वर वळलेला नको. सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. ती पेटी प्लायवूडची आमच्या सुतारकाकांनीच करून दिली.

काकांचं आयुष्य तिफण, कुळव आणि बैलगाडीच्या जुवात गेलं. ट्रॅक्टर आले तेव्हापासून दारं-खिडक्या करतात. त्यांना पिस्तूल दाखवलं तेव्हा त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही. मुलीचा हात हातात घेतला, बोटं उघडमीट करायला लावली, मग म्हणाले, "रुमण्याची मूठ बापाच्या हाताची आन् हाकायला लेकरू, तर तास वाकडंच जानार की."

त्यांनी सांगितलेला उपाय कुठल्या पुस्तकात नाही. मुलीच्या तळहाताला काजळ लावलं, मूठ धरायला लावली. जिथं काळं उमटलं तिथं लाकूड लागतं, जिथं कोरं राहिलं तिथं पोकळी. कोऱ्या जागी एम-सील मळून लावलं, वर पॉलिथिन, आणि मुलीनं नेम धरतात तशी मूठ धरून दहा मिनिटं उभं राहायचं. सील कडक झाल्यावर कानसीनं कडा मारल्या. काळ्या जागा मात्र त्यांनी पटाशीनं उतरवल्या, हळूहळू, दर दोन साली काढल्या की पुन्हा हात लावून बघायचा. साडेअकराला सुरू केलेलं काम चारला संपलं. मध्ये पिठलं-भाकरी.

त्या मुलीची मागच्या रविवारची चाळीस गोळ्यांची बेरीज ३१८ होती, आज ३३१. एका दिवसावरून काही ठरत नाही हे मला कळतं. तिला सांगितलं नाही.

काकांनी पैसे घेतले नाहीत. कारखान्याची मूठ अक्रोडाची आहे की नुसती रंगवलेली, एवढं नखानं खरवडून पाहिलं आणि "रंग" म्हणून परत दिली.

११ फेब्रुवारी

बारावी सुरू. रेंजवर पाच जण. दहावी २१ पासून. आई-बाप 'क्लास बुडतो' म्हणतात. लातुरात राहून याच्याशी वाद घालत नाहीत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सिद्धेश्वराच्या जत्रेत पोरांना घेऊन गेलो. फुग्यांच्या स्टॉलवर सगळे थांबले, आणि सोळांपैकी एकालाही दहात सात फुगे फोडता आले नाहीत. स्टॉलवाल्याला हसू आवरेना. साइट मुद्दाम वाकवलेली असते हे पोरांना माहीत नव्हतं. एका मुलीनं तिसऱ्या गोळीला ओळखलं, डावीकडे वीतभर सोडून नेम धरला आणि पुढचे पाच सलग फोडले. तिला प्लॅस्टिकचा चष्मा मिळाला.

स्टॉलवाल्याला विचारलं, बंदूक जुनी की नवी चांगली? म्हणाला, "जिची स्प्रिंग मला बदलता येती ती." पाच मालकांना फोन करण्याआधी इथं यायला पाहिजे होतं.

९ मार्च, रविवार

लेव्हरचा हिशोब राहिला होता. साठ गोळ्यांची मॅच, आधीचा सराव धरून पंचाहत्तर वेळा लेव्हर बंद करायची. शेवटच्या चार बोटं अंतरात सगळा जोर लागतो. आज तीन लहान पोरांना साठ पूर्ण करायला लावल्या. चाळिसाव्यानंतर दोघांचा नेमाचाच हात थरथरायला लागला. मी म्हटलं दुसऱ्या हातानं बंद करा. मामांनी आधीच शिकवलं होतं: टेबलावर रुमाल, त्यावर पिस्तूल, जोर खांद्यातून, आणि एका दमात. मधेच थांबायचं नाही.

का थांबायचं नाही ते मी स्वतः दाखवलं. बोलता बोलता अर्ध्यात थांबलो, लेव्हर निसटली आणि अंगठ्यावर आपटली. नख काळं. पोरांनी खूप सहानुभूती दाखवली, त्यातली निम्मी खरी होती.

जुन्याची घडीव लेव्हर लांबीला दीड सेंटिमीटर जास्त आहे. दीड सेंटिमीटर वाटतं थोडं, पण लहान पोरांना जुनं बंद करायला खरंच सोपं जातं. जालन्याच्या इंजिनिअरांचं तोंड वाकडं झालं ते धातूवरून, खरा मुद्दा लांबीचा निघाला. इथं जुनं जिंकलं, आणि हे स्क्रू फिरवून सुटणारं नाही.

१६ मार्च, रविवार

पत्रा तापलाय. दुपारी अकरानंतर रेंज बंद, सकाळी साडेसहाला सुरू.

वकीलसाहेब आले. नवं एक दुरुस्त झालंय, ट्रिगर ५४० वर आहे, तरी त्यांचं म्हणणं जागेवर. जुन्यात जीव आहे. मी म्हटलं बरं, मूठ बदलून बघू. दोन्हींच्या मुठी एकाच स्क्रूवर बसतात. त्यांच्या जुन्या पिस्तुलाची मूठ वडिलांनी शिसवीत कोरून दिलेली आहे, सत्तावीस वर्षांची, घामानं काळी झालेली. ती काढून नव्या एकवर बसवली आणि कारखान्याची मूठ जुन्यावर. दहा-दहाच्या मालिका, आलटून पालटून, तीन-तीन.

जुनं, नव्या मुठीनं: ८६, ८८, ८५.
नवं, जुन्या मुठीनं: ९१, ९३, ९२.

बराच वेळ ते टार्गेटं हातात घेऊन उभे होते. मग म्हणाले, "मूठ जुनीच आहे ना पण." बरोबर आहे. मला याच्यावर काही सुचलं नाही.

मामा बाहेर बाकड्यावर बसून होते. त्यांनी आत येऊन फक्त आकडे वाचले आणि पुन्हा बाहेर गेले.

२३ मार्च, रविवार

शेठना हिशोब दिला. सिलिंडरचं एक घेण्याऐवजी नवी दोन सिंगल स्ट्रोक, परभणीकरांचं जुनं एक (ते विकायला तयार झाले, पुण्याला मुलाकडे जाणार आहेत, नळीबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत), चांगल्या छऱ्यांची एकाच लॉटची पेटी, आणि वीस ओ-रिंग. जुनं लहान पोरांना, लांब लेव्हरसाठी. पैसे उरतील त्यात शिसमचे ओंडके, सुतारकाकांसाठी. शेठनी एकच विचारलं, पाटी कुठं लावणार.

मी खिशातून घेतलेलं नवं दोन रेंजलाच राहील. बायकोला हे अजून सांगायचंय.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून नऊ वाजता रेंजवर. रजिस्टरला नोंदी केल्या: पिस्तूल क्रमांक ३, ४, ५, ६. तीन नंबरच्या मुठीवर आतून पेन्सिलीनं मुलीचं नाव. काकांनी लिहिलंय, अक्षर सुंदर.

वकीलसाहेबांच्या मुठी अजून अदलाबदल केलेल्याच होत्या. फोन करून विचारलं, कधी येताय, शिसवी मूठ परत जुन्यावर बसवून ठेवतो. क्षणभर काही बोलले नाहीत. म्हणाले, "घाई नाही. नव्यावरच राहू द्या सध्या. आणि जुनं पोरांना वापरू द्या, त्याची लेव्हर लांब आहे."

रजिस्टरला क्रमांक ७ लिहिला. पुढच्या रकान्यात 'उसनवार'.